कोळशाच्या तुकड्यावर तार

६ मार्च १९४४

घरभर गंधकाचा वास! माझ्या नवऱ्यानं, क्लेमंटनं, शिसं आणि गंधक एकत्र भाजून चोरून रेडिओ करायला खडा केला. रेडिओ तर जर्मनांनी केव्हाच उचलून नेलेत. कुंपणापलीकडून व्हिबरबाई — "काय गं अडेल, गंधकाचं मलम? खरूज झालीय की काय कुणाला?" म्हटलं, हो, क्लेमंटला! अख्ख्या जर्सी बेटाला खरूज आहे, खपून गेलं.

८ मार्च

चालला! खड्यावर बारीक तार टेकवायची, आवाज लागेपर्यंत जरा इकडे, जरा तिकडे. कानाला लावायचं यंत्र एकच, तेही रस्त्यावरच्या टेलिफोनमधून चोरलेलं. मला दे म्हटलं तर म्हणतो, "हललं की गेलं, अडेल!"

आमचा मुलगा एडगर इंग्रजांच्या फौजेत. वर्षभर काही खबर नाही. लंडनच्या बातम्यांत म्हणे त्याच्या पलटणीचं नाव आलं — इटलीत आहे, लढाईच्या मागे विश्रांतीला. मी पोटभर रडले.

१३ मार्च

पलटण अजून मागेच. आज सलगमचं सूपसुद्धा गोड लागलं.

१७ मार्च

रनूफला धरून नेलं! चर्चची घंटा वाजवणारा आमचा रनूफ! घराच्या जमिनीखाली लपवलेला रेडिओ सापडला. कुणी मेल्यानं चुगली केली? त्याला फ्रान्सच्या तुरुंगात धाडणार म्हणतात. क्लेमंटला म्हटलं, फेकून दे बाबा ते. तर म्हणाला, "एडगरची खबर नको तुला?"



१९ मार्च

व्हिबरबाईंकडे झडती. गाद्या फाडल्या, पिठाचा डबा पालथा केला. उद्या आमची पाळी. पोराची खबर हवी — पण नवरा घालवून नको!

क्लेमंट लाकडं आणायला गेला तेव्हा खडा विहिरीत टाकला. त्याच्या जागी चुलीतला कोळशाचा तुकडा बसवला. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात त्याला काय दिसतंय! आवाज आला नाही की वाटेल खडा मेला. मग स्वतःच सगळं मोडून टाकेल.

१९ मार्च, जेवणानंतर

क्लेमंटनं कोळशावर तार टेकवली. डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसला. मग माझ्याकडे बघून हसला.

"पलटण मागेच आहे गं. पोरगा सुखरूप आहे."

मी बरं म्हटलं.