वादीतल्या बेडकांचा लेख

अल कुसैस, दुबई
मार्च २००२

मोठ्या साहेबांना पर्णिकाच्या आजीचा नमस्कार.

फुजैराच्या डोंगरातले बेडूक बघून परतताना तुम्ही आमच्याकडे जेवलात, आमटी दोनदा मागून घेतलीत. आमच्या पोरीने वादीच्या, म्हणजे इथल्या डोंगरातल्या कोरड्या ओढ्याच्या, डबक्यांत उभं राहून जे शोधलं, छापलं, ते सगळं पुढे तुमच्या लेखात आलं. तिचं नाव तेवढं घालायचं राहिलं. आमटी तिखट झाली होती का?

दुसऱ्यांनी आपल्या लेखात नाव घेतलं, तरच तिला पुढची नोकरी मिळते म्हणे. मी दिवसभर तिच्या नावाने हाका मारते. तर म्हणते, “आजी, तुझ्या हाका धरत नाहीत.”

हे पत्र तीच लिहितेय. मी “अरे बाबा” म्हटलं की “सर” लिहिते. आणि पाठवायचं नाही म्हणते. तुम्ही रागावलात तर तिला कोणीच विचारणार नाही. मला तर पाकिटावर पत्ताही घालता येत नाही. खलास.

खाली तुझं नाव घाल म्हटलं, तर “कशाला?” म्हणाली. म्हटलं, लिहिलंस तू, म्हणून.

द्वारकाबाई
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
अक्षर: पर्णिकाचं