कडकट्ट

अमळनेर, ३ नोव्हेंबर १९५३

सुनंदाला धुळ्याच्या गाडीत बसवून आलो. पहिलं बाळंतपण, माहेरीच बरं. सासऱ्यांना बजावलंय — काही झालं तर तार करा, मी लगेच निघेन. ती खिडकीतून म्हणाली, "वेळेवर जेवा." मी म्हटलं, बरं. "अहो, तुम्ही बोलता की तार करता?" हसली. गाडी हलली.

९ नोव्हेंबर

कापसाचा हंगाम. तार ऑफिसात बाजारभावाच्या तारा, माझं यंत्र दिवसभर कडकट्ट, कडकट्ट. जेवताना बोटं ताटावर वाजतात.

१४ नोव्हेंबर

निंबा पाटील हातात तार घेऊन खिडकीशी आला. "बाबू, काय लिखेल शे?" थांब, बघतो म्हटलं. तो चिडला — "हाई तुमनंच अक्षर शे ना?" होतं खरं. सकाळीच उतरवून घेतलेली. त्याचा भाऊ वारला होता, आणि मला त्यातलं काही आठवेना! कान ऐकतो, हात लिहितो, मी मधे कुठे नसतोच.

आमच्या थोरल्या तारबाबूंना, नानांना, सांगितलं. म्हणाले, "तेच तर कसब. मजकुरात जीव घातला की अक्षर चुकलंच समज." पहिल्या वर्षी मरणाची तार घेताना माझं अक्षर चुकायचं. आता नाही चुकत. नाना शाबास म्हणाले.

१७ नोव्हेंबर

धुळ्याहून कार्ड. सुनंदाच्या पायांना सूज आहे. दोनदा वाचलं. काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचीच भीती वाटते.

२१ नोव्हेंबर

कापसाचे भाव, भाव, भाव. दुसरं काही नाही.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी घरी आलो तर शेजारच्या गुलाबबाई तार घेऊन दारात. "भाऊ, नवा शिपाई दुपारी आला होता. तुमच्याकडे कुलूप, मग मीच सही केली." सुनंदा सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.

अक्षर माझं. कापसाच्या दोन तारांच्या मधे कधीतरी घेतली असणार. माझं नाव, घरचा पत्ता, सगळं माझ्याच हाताने उतरवलेलं. घडी घालून शिपायाला दिलीही असेन. धुळ्याची शेवटची गाडी निघून गेली होती.

धुळे, २३ नोव्हेंबर

सुनंदा पहाटे गेली. बाळही. सासरे म्हणाले, "काल दिवसभर दाराकडे बघत होती. तार पोहोचली नाही का?"

पोहोचली.

"मग घेतली कुणी?"

मी.