रपट्यावरचा फोटो

रामाकोना,
दि. २२ ऑगस्ट १९८६

चि. दिलीपला ताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

बाबांचा खोकला कमी आहे. तुझ्या भाचीला अजून पाढे येत नाहीत. मामावर गेली आहे.

एरवी पेपरात फोटोखाली तुझं नाव आलं की मी शाळेभर मिरवते. काल मात्र पेपर हातातच राहिला. पुरात बुडालेल्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, बैलगाडीचं चाक धरून असलेला माणूस आपला कवडू आहे रे! चौथीपर्यंत तुझ्या शेजारी बसलेला. तो वाहून गेला हे गावाला माहीत होतं. तू तिथं होतास, हे पेपरनं सांगितलं. फोटोत त्याच्या सदऱ्याची गुंडी दिसते. इतक्या जवळ होतास?

त्याची बायको पुष्पा पेपर घेऊन आली. रडली नाही. फोटोत त्यायचं तोंड उघडं आहे, ते काय म्हणून राहिले होते, एवढं तुमच्या भावाले विचारा, म्हणाली. लिही. खरं लिही.

तुझी,
छायाताई

नागपूर,
दि. २७ ऑगस्ट १९८६

ती. ताईस सप्रेम जयभीम.

मी वीस हातांवर होतो. आमच्या जीपमध्ये दोर होता. तो आठवला नाही असं लिहिणार होतो, पण तू खरं लिही म्हणतेस. ड्रायव्हर रामाजी दोर सोडत ओरडून राहिले होते, की दुसरं टोक धरा, माझ्या एकट्यानं होत नाही. मी म्हणालो, एक मिनिट. फिल्म धुतल्यावर मोजले, त्याचे अकरा फोटो निघाले. रोल संपला तेव्हाच मी कॅमेरा खाली केला. दोर फेकला तेव्हा तिथं नुसतं चाक होतं.

आधी मी त्याला ओळखलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या फोटोला त्यानं हाक मारली, दिल्या. मला दिल्या म्हणणारा तोच एक. तरी माझं बोट थांबलं नाही, ताई. का, ते मला सांगता येत नाही. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. तेव्हापासून अन्न जात नाही.

पुष्पावहिनीला काय सांगायचं, ते तूच ठरव.

तुझा,
दिलीप

रामाकोना,
दि. १ सप्टेंबर १९८६

चि. दिलीपला आशीर्वाद.

मी काही ठरवलं नाही. पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. पुष्पा म्हणाली, आपला मानूस दिसला म्हणून त्यायले धीर आला असन, आता वाचतो असं वाटलं असन. आणि ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी तिला धरून बसले. तुझी बहीण म्हणवून घ्यायची मला लाज वाटली.

शांत झाल्यावर तिनं सांगितलं, चिठ्ठीत नाही, माह्या समोर बसून सांगू द्या त्याले. पोरंही ऐकतीन.

मी तुझी बाजू मांडणार नाही. पण रविवारी स्टेशनवर येईन आणि तिच्या दारापर्यंत तुझ्यासोबत चालेन. कॅमेरा आणू नको.

माया आटली नाही, म्हणूनच बोलावते.

ताई