वरच्या वळणावरची आंघोळ

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (प्रत्यक्ष घालायचा तर इथे चिखल फार आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा). तुमच्या गुडघ्याचं दुखणं उतरलं असेल आणि तुमच्या घोरण्यातही मामींना झोप लागत असेल, अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. स्वच्छही होतो, आता नाही. पत्राचा विषय तोच आहे.

झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी मी सोडली हे तुमच्या कानावर आलंच असेल. मालक सांगतो ते अर्धंच खरं आहे: मी ओरडलो हे खरं, शाईची डबी फेकली हे खोटं, ती हातून निसटली (जरा जोरात). झालं असं, की एक मुलगी ओढ्यांच्या नकाशांच्या प्रती काढायला आली. ओढ्यांचं पाणी तपासणं हे तिचं काम, चार वर्षं ती तेच करते आहे. नकाशे मोठे, आमचं मशीन लहान, त्यामुळे एकेक नकाशा चार तुकड्यांत काढून चिकटवावा लागला आणि तेवढ्या वेळात माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. तिसऱ्या नकाशाला कळलं, की तिला तीन आठवडे रानात तंबू ठोकून राहायचं आहे आणि सामान उचलायला माणूस हवा आहे. चौथ्या नकाशाला मी दुकान सोडलं होतं. कॉलेजबद्दल मात्र विचारू नका. ज्या प्रयोगशाळेत मी रसायनशास्त्राच्या सरांच्या टेबलावर माझी वही टराटरा फाडून ठेवली, त्या इमारतीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. हे ठरलेलं आहे.

इथे आम्ही चौघं: ती, तिचे साहेब, आचारी आणि मी. पहिल्याच दिवशी तिने नियम सांगितला, की ओढ्यात कोणी उतरायचं नाही. आंघोळ हवी तर पाणी डब्यातून दोनशे पावलं लांब न्यायचं, ओल्या फडक्याने अंग पुसायचं आणि वापरलेलं पाणी खड्ड्यात ओतायचं. माणशी दोन मग. डबा काळा रंगवून उन्हात ठेवला की दुपारी पाणी कोमट होतं, हा साहेबांचा शोध. मान, काखा, पाय या क्रमाने दोन मगांत कसं उरकायचं, ते आचाऱ्याने मला (कपड्यांवरूनच) करून दाखवलं. मी सगळं निमूट पाळलं. दुसऱ्या संध्याकाळी चुलीभोवती जेवायला बसलो, ती माझ्या शेजारी बसली, दोन घास खाल्ले, आणि ताट उचलून पलीकडे जाऊन बसली. मामा, तुम्हीही एकेकाळी तरुण होता (मामी म्हणतात त्यावर मी विश्वास ठेवतो). तंबूत शिरून मी स्वतःचा वास घेतला. वीस किलोची पेटी दिवसभर वाहणाऱ्याला जसा यावा तसाच होता.

तेव्हा मला तुमचा साबण आठवला. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत मामींच्या केकच्या साच्यांत तुम्ही जो गुलाबी साबण ओतता, त्याच्या सहा वड्या तुम्ही मागच्या भेटीत माझ्या पिशवीत कोंबल्या होत्या. सकाळी सगळे उठायच्या आत मी ओढ्याच्या वरच्या वळणापलीकडे गेलो, कमरेपर्यंत पाण्यात उतरलो आणि वडी दोनदा अंगाला, एकदा केसांना चोळली. फेस असा उठला की माझे हात मला दिसेनात. नियम मोडतोय हे मला कळत होतं. पण नियम घाणीसाठी असतो आणि साबण म्हणजे घाणीचा शत्रू, असा माझा हिशेब होता. तीन दिवस हा क्रम चालू राहिला. त्या तीन दिवसांत ती माझ्याशी दोनदा हसून बोलली, त्यामुळे हिशेब मला बिनचूक वाटला.

चौथ्या दिवशी ती बाटली हातात धरून ओढ्याकाठी बसलेली दिसली. बाटली हलवली की वर फेस, आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की पाणी निळं. निळं म्हणजे भेसळ. मामा, हा एकच ओढा असा होता की ज्याच्या वर माणसाची वस्ती नाही. बाकी सगळे ओढे किती बिघडले ते ती याच्याशी ताडून ठरवत होती. हाच बिघडलेला निघाला तर चार वर्षांचं काम वाया, असं ती अगदी हळू आवाजात म्हणाली. तो आवाज ऐकून माझं डोकं फिरलं. वर कोणीतरी हलकट कपडे धुतोय, त्याची मानगूट धरून तुमच्यासमोर आणतो, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच वळणावरच्या झुडपात पहाऱ्याला बसलो. (बसण्याआधी आंघोळ उरकून घेतली. न जाणो, ती बघायला आली तर.)

तासाभराने गळ घेऊन एक म्हातारा मासेमार आला. मी झडप घालून त्याची कॉलर धरली. तो बिचारा ओरडलाही नाही. "दादा," तो म्हणाला, "इथे रोज धुतंय कोण, ते तुम्हालाच ठाऊक. मासा चार दिवस गळाला लागेना, पण म्हटलं, पोरगं लग्नाबिग्नाचं असेल, घासू दे." मी त्याची कॉलर सोडली आणि नीटही करून दिली. मग दगडावर बसलो. आपण कोणाला बोलणार नाही, असं तो आपणहून म्हणाला. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. तिथपासून आमच्या तंबूंपर्यंतची वाट दहा मिनिटांची आहे, मला त्या दिवशी पाऊण तास लागला.

तिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने वही उघडली आणि विचारलं, किती वाजता, किती वेळा, किती वेळ चोळलास. मी केसांचंसुद्धा सांगितलं. मग तिने चार दिवसांचे आकडे लाल रेघ मारून खोडले. पाणी निवळेपर्यंत आठ दिवस थांबावं लागणार होतं, आणि ती शनिवारी घरी जायची होती. तिची आई दवाखान्यातून घरी येणार होती. हे मला तिने नाही, आचाऱ्याने सांगितलं. साहेब मला हाकलणार होते. ती म्हणाली, राहू दे, बाटल्या कोण उचलणार.

तेव्हापासून दर दोन तासांनी बाटली भरून थेंब मीच टाकतो. पाचव्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "हात स्थिर आहे तुझा. डोकं नाही." काल पाणी निळं झालं नाही. मी तीनदा तपासलं.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (या आठवड्यापासून) भाचा

ता. क. तिला अहवालात लिहायचं आहे, म्हणून साबणात काय काय घालता ते कळवावं. फेस वाढावा म्हणून कपड्यांची पावडर घालता का? तुम्ही नाही म्हणाल, तेव्हा मामींना विचारून लिहा.

ता. क. २ कॉलेजच्या फेरप्रवेशाचा अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतात म्हणे. त्यावर रसायनशास्त्राच्या सरांची सही लागते. सर सकाळी तुमच्याच बागेत फिरायला येतात. मी माफी मागेनच, पण आधी तुम्ही त्यांचा राग किती उतरलाय ते बघून ठेवाल का? बाबांना इतक्यात सांगू नका.

ता. क. ३ त्या संध्याकाळी ती उठली ती धुरामुळे. चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता. मी विचारलं तेव्हा सांगितलं. काल ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली. आठ दिवस मी अंगाला पाणी लावलेलं नाही आणि धूर थेट आमच्याकडेच येत होता. ताट संपेपर्यंत ती उठली नाही.