रोझीचं 'नको'

कोल्हापूर, रविवार, जून १९५३

आज चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मी लहानग्यांना सांगितलं, तुमचं शरीर देवाचं मंदिर आहे. कुणी धरलेलं आवडलं नाही तर 'नको' म्हणा, आईला सांगा. चर्चचे पुढारी आंतोनकाका ऐकत होते. "बाई, असलं कशाला शिकवतायसा? मोठ्यांचं ऐकावं, एवढंच शिकवा की." इस्त्रीचा कोट, आत अक्कल किती? मग बाकावर टेकून सहा वर्षांच्या रोझीला नेहमीसारखं मांडीवर ओढू लागले.

"काका, मला नको."

तिची आई उठली. वाटलं, आता पोरीलाच रागावणार. पण तिनं रोझीला उचललं, म्हणाली, "तिला नको हाय."

काका कोट झटकत निघून गेले. पोरीच्या एका शब्दानं ज्याचा मान जातो, त्याला मान होता तरी कुठं?