सात नंबरचा फ्रीज

झोंबा, १४ जून

प्रिय तोवेराताई,

बरी आहेस ना? तुझ्या चिसोमोचा खोकला थांबला का? इथे नेहमीसारखी जूनची थंडी पडली आहे, दुपारपर्यंत डोंगर दिसत नाही. प्रयोगशाळेतला हीटर अजून लाथ मारल्याशिवाय चालत नाही. तू मांगोचीला तळ्याकाठी मासे वाळवतेस असं कळलं. तीन वर्षांत मी पत्र लिहिलं नाही, आणि तू तरी का लिहावंस.

सध्या माझ्याकडे एकच काम आहे. फ्रीजच्या तापमानाचे जुने एक्सेल तक्ते सरळ करायचे. आठवत असतील तुला: तारखा आडव्या, प्रत्येकीखाली सकाळ-संध्याकाळ, नऊ फ्रीज एकाखाली एक, मधेच कुणाच्या तरी रजेचा शेरा. आता प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळ. तारीख, वेळ, फ्रीज, तापमान, नोंदणाऱ्याचं नाव.

काल सात नंबरच्या फ्रीजचा आलेख काढला. आपले डॉक्टर काम्वेंडो चहा पीत मागे उभे होते. म्हणाले, "हा पलटणीत होता की काय? पावलं मोजत उतरलाय." उणे अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. शेवटच्या चार ओळींत नाव माझं.

ताई, त्या शनिवार-रविवारी पाळी माझी होती आणि मी इथे नव्हते. बहिणीच्या साखरपुड्याला ब्लांटायरला गेले होते. नाचले. सोमवारी आल्या आल्या शुक्रवारचे दोन आकडे माऊसने उजवीकडे ओढले. पुढचे संगणकाने भरले. मी वाचलेसुद्धा नाहीत. तिकडे त्याच सकाळी तू फ्रीज उघडलास, तर जाली गावच्या तीनशे बाळंतिणींच्या रक्ताचे नमुने वितळलेले. तक्ता सांगत होता, रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं ठीक. मग दार तूच उघडं टाकलंस, असं ठरलं.

त्या दुपारी चौकशीच्या खोलीबाहेर तू म्हणालीस, "मी उघडला तेव्हाच तो उबदार होता गं. तू तरी सांग त्यांना."

मी म्हटलं, मला कामं आहेत.

आज त्या चार जागा रिकाम्या केल्या. शेऱ्यात लिहिलं: तापमान पाहिलं नाही, आकडे म्फात्सोने भरले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि कप खाली ठेवला. सोमवारी मला बोलावलंय. तुलाही पत्र येईल. ये, किंवा नको येऊस. माझ्याकडे बघावंसं वाटणार नाही, ते मी समजेन.

दार तू उघडं टाकलं नव्हतंस. मला ते त्याच दुपारी कळलं होतं.

तुझ्या शेजारच्या टेबलावरची,
म्फात्सो