ग्रील म्हणजे आमची शेगडी

मी, नर्मदा परशुराम मालंडकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा खानावळ, राहणार मौजे तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कागद गुडघ्यांनी लिहीत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. तसा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

यापूर्वी कणकवलीच्या एका वकिलांकडून मसुदा टाइप करून घेतला होता, तो मी रद्द करते. कारण एक, त्यात माझा धंदा "घरकाम" असा लिहिला होता. कारण दोन, ज्या वस्तूसाठी हा सगळा खटाटोप, ती त्यांनी "पूर्वेकडील खिडकीची लोखंडी ग्रील" अशी नोंदवली. मी म्हटले, "साहेब, खिडकीची नाही, माशांची ग्रील." त्यावर त्यांनी दुरुस्ती केली, "माश्या येऊ नयेत म्हणून खिडकीस लावलेली जाळी." तेव्हा मी पिशवी उचलली आणि घरी आले.

म्हणून आधी स्पष्ट करते. या कागदात ग्रील म्हणजे कोळशावर मासे भाजायची लोखंडी शेगडी. अर्ध्या पिंपासारखे पोट, वर झाकण, मध्ये जाळी, खाली तीन पाय. ती माझे यजमान कै. परशुराम यांनी डर्बन बंदरातून आणली. ते मालवाहू जहाजावर कुक होते.

कलम एक, घर. घर व माडांची बाग माझ्या नावावर आहे, कारण जागा घेताना यजमान दर्यावर होते आणि सही करायला मीच होते. ही दोन्ही माझा एकुलता मुलगा सुदेश याला द्यावीत. पूर्वेच्या खिडकीला ग्रील नाही, हे त्याने मान्य करूनच घर घ्यावे. घर बांधत असताना यजमानांचा दुकानातल्या फोनवर निरोप आला होता, "नर्मदे, येताना ग्रील घेवन येतंय." मी गवंड्याला सांगितले, ही खिडकी तशीच ठेव, परदेशी ग्रील येत आहे. चार महिने खिडकीला झावळ्यांची तट्टी बांधून मी त्या ग्रीलची वाट पाहिली. शेवटी टेम्पोतून उतरली ही तीन पायांची बाई. माझी थोरली जाऊ सावित्री वाडीभर सांगत सुटली, "लोक आखातासून टेप हाडतत, आमचो परशुराम चूल घेवन इलो." मी खिडकीला लाकडी गज बसवले आणि त्याच संध्याकाळी शेगडीवर बांगडे भाजले. सावित्रीने चार खाल्ले. टेप आणणाऱ्यांचे टेप कधीच बंद पडले. खानावळ त्या शेगडीवर उभी राहिली आणि अजून उभी आहे.

कलम दोन, बँकेतली ठेव. तिच्यावर सुदेश आणि सूनबाई विनीता या दोघांची नावे आधीच लावली आहेत. त्यावर अधिक बोलणे नको.

कलम तीन, सामान. नारळ खवायचा आडाळो सावित्रीला द्यावा. तो सासूबाईंनी मला दिला होता, आणि आपल्याला दिला होता असे ती म्हणत आली आहे. घे बाई. पाते बोथट झाले आहे, तुझ्या जिभेवर घासलेस तर धार येईल. शेजारचा बाळा कुबल याने माझा लांब दांड्याचा चिमटा नेलेला आहे. तो परत आल्याशिवाय त्याला माझ्या तेराव्याचे जेवण वाढू नये.

कलम चार, शेगडी. हे जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण सुदेश ही शेगडी आपलीच आहे असे धरून चालला आहे, आणि त्याचे म्हणणे पोकळ नाही.

यजमान गेले त्याच्या दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढले. जो तो पुढे होऊन शब्द देऊ लागला. सावित्रीने देवीला साडी कबूल केली. कोणी म्हणाले नर्मदेला सांभाळू, जशी काही मी गाय होते. कावळे माडावर बसून ऐकत होते. मग सुदेश हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमची ग्रील मी सांभाळतलंय." शब्द संपला आणि कावळा खाली उतरला. हे सगळ्या वाडीने पाहिले आहे.

माझ्या मुलाने तो शब्द पाळला. पण तो मच्छीमार. लोखंड सांभाळायची त्याला एकच रीत ठाऊक. मे महिन्यात होडी वर ओढली की नांगराला डांबर, साखळीला डांबर, आणि उरलेले डांबर बापाच्या शेगडीला. दर वर्षी. पेटवू मात्र कोणाला देईना, बाबांची वस्तू जळून खराब होईल म्हणे. त्याचा चेहरा बघून मलाही बोलवत नसे. शेगडी मागच्या खोपीत काळीभोर चकचकीत उभी असायची आणि खानावळ गॅसवर चालायची.

मग एकदा पुण्याची मंडळी आली. त्यांनी ती पाहिली आणि हिच्यावरच सुरमई भाजून द्या म्हणून हट्ट धरला. सुदेशलाही मान वाटला, त्याने पेटवली. डांबर वितळून निखाऱ्यांवर टपटपू लागले. सुरमईला नव्या रस्त्याचा वास आला. मंडळी उठून शेजारी बाळाच्या खानावळीत जेवायला गेली, हे मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सुदेश पडेल तोंडाने म्हणाला, "आये, हिच्यात माती भरून दारात ठेवया. अबोली लावया."

परशुरामांच्या शेगडीत अबोली. माझे टाळकेच सरकले.

त्या दिवसापासून मी आणि विनीताने शेगडी हातात घेतली. आधी नारळाची सुकी सोडणे पेटवून डांबर जाळले. धूर इतका, की सावित्री पदर सावरत धावत आली, "कोणाची लाँच पेटली गो?" डांबर गेले तेव्हा खरी अवस्था दिसली. डांबराखाली गंजाने लोखंड खाऊन टाकले होते, बुडाची चाळण झाली होती. मी पायरीवर बसून रडले, ते लिहायला मला लाज नाही. विनीता रडली नाही. तिने बोटाने गंज खरवडून बघितला आणि म्हणाली, "कडा बऱ्या आसत, आई. बूड तेवढा नवीन घालूया."

बूड घालायला कणकवलीला गेलो. तिथल्या कारागिराला मी सांगितले, ग्रील दुरुस्त करायची आहे. तो म्हणाला, "मजलो कितवो, आजी?" त्याला टेम्पोपाशी नेऊन दाखवावे लागले. नवे पत्र्याचे बूड आणि एक पाय त्याने चोख बसवला, त्याबद्दल त्याचे भले होवो. बाकी सगळे आम्ही दोघींनी केले. आमसुलांचे दाट पाणी करून जाळी त्यात भिजत घातली. रेती आणि काथ्याने घासली. पुन्हा भिजत घातली. माझ्या हातांची साले निघाली, विनीताची त्याहून जास्त. खालचे करडे लोखंड दिसले, तेव्हा सुदेश डब्यात उरलेले डांबर घेऊन हजर. त्याला वाटले, आता लावायला हरकत नाही.

विनीता धामापूरची, शेतकऱ्याची मुलगी. ती नवऱ्यापुढे सहसा बोलत नाही. त्या दिवशी तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हणाली, "आमच्याकडे कोयतेक कोण डांबर लावणत नाय. तापवतत आणि खोबरेल चोळतत. आणि रोज वापरतत. वापरल्यार गंज कसो चढतलो?"

सुदेशने डब्याचे झाकण लावले. एवढी वर्षे जे मला त्याला सांगता आले नव्हते, ते तिने एका दमात सांगितले.

शेगडी तापवली, खोबरेल चोळले, पुन्हा तापवली, पुन्हा चोळले. काळी झाली, पण डांबराची नव्हे, तव्याची काळी. पहिला बांगडा टाकला आणि उलटला, कातडे जाळीला चिकटले नाही. डर्बनहून आली तेव्हासुद्धा ती इतकी चांगली नव्हती. हे यजमानांनी ऐकले तरी चालेल. आज मालवणहून लोक या शेगडीवरची सुरमई खायला येतात, आणि मी खुर्ची टाकून बघत बसते. मला त्याचा गर्व आहे. गर्व करू नये म्हणतात त्यांनी आधी एकदा जाळी घासून बघावी.

तेव्हा शेगडी, तिची जाळी, खानावळीची खोप आणि खोपीवरची पाटी हे सर्व माझी सून सौ. विनीता सुदेश मालंडकर हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. पाटीवर सुदेशचे नाव आहे, तिथे तिचे घालावे. शेगडी रोज पेटावी. जो कोणी तिला डांबर, रंग किंवा अबोली लावील, त्याचा तिच्यावर काही हक्क राहणार नाही.

सुदेश, तू कावळ्याला दिलेला शब्द तुझ्या परीने पाळलास. त्या शब्दातून मी, तुझी आई, तुला मोकळा करते. सांभाळणे तुझ्याकडे होते, पेटवणे तिच्याकडे जाते. वाईट वाटून घेऊ नको.

कलम पाच. माझ्या दहाव्याला कावळा आला नाही तर उगाच साड्या आणि नारळ कबूल करत बसू नये. सुदेशने पुढे होऊन मोठ्याने एवढेच म्हणावे, "शेगडी विनीताची." मी येईन.

इथवर लिहून झाल्यावर हा कागद मी पडवीत सर्वांना वाचून दाखवला. पाचवे कलम ऐकल्यावर सुदेश उठला. मला वाटले, रागावून चालला. तो पायरी उतरून अंगणात उभा राहिला, वर माडांकडे बघितले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडला, "शेगडी विनीताची." मग माझ्याकडे वळला. "आये, तू जित्ती आसताना माका सांगूक नको? कावळ्याक कित्याक मदी घालतंस?"

विनीताने पदराने डोळे पुसले आणि कोळसे घालायला खोपीत गेली. गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती. पाचवे कलम मी तरीही खोडत नाही. कावळाच तो, त्याला पुन्हा ऐकवलेले बरे.

वाचून, समजून, कोणाच्या भिडेला न पडता सही केली.

नर्मदा परशुराम मालंडकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. साक्षीदार:

१. बाळा गणपत कुबल, तोंडवली. (चिमटो आजच हाडून दिलंय. जेवणाचा तेवढा बघा.)

२. मितेश अनंत पराडकर, तोंडवली.

मुक्काम तोंडवली, दिनांक २२ नोव्हेंबर २०२५.

टीप: या पानाच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे. तो सूनबाईने भाजलेल्या बांगड्याचा आहे. त्यास खाडाखोड समजू नये.